उद्दिष्ट : होकार

माझ्या लग्नाची सुपारी फुटायची वेळ आली, ती मी कुणाच्या प्रेमात पडले म्हणून नव्हे. माझे वडील प्रेमात पडले म्हणून.

हसायचं तर हसून घ्या. मीही सुरुवातीला हसत होते. पण तुमच्या बापाला कुणी तुमच्या लग्नासाठी असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, तर तुम्ही किती वेळ हसाल ते मला बघायचंय.

माझे वडील हणमंत कणसे. सगळी नोकरी एसटीत गेली, सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी कधी सुटणार, कुठल्या फलाटावर लागणार, कुठला ड्रायव्हर चहाला बसून उशीर करणार, सगळं त्यांच्या जिभेवर. घरातही तोच कारभार. जेवण वेळेत, बातम्या वेळेत, राग वेळेत. मी जन्मल्यापासून त्यांनी आईला नावानं हाक मारलेली ऐकली नव्हती. "अगं ए" एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. आई, म्हणजे शैला कणसे, ब्लाऊज शिवायची, आणि "अगं ए" ऐकलं की मशीन थांबवून उठायची.

वाईच्या पिसाळांचं स्थळ आलं तेव्हा पप्पा माझ्याच बाजूनं होते. मुलगा विश्वजित, ट्रॅक्टरची एजन्सी, वाड्याएवढा बंगला. पोहे संपेपर्यंत तो स्वतःच्या नव्या गाडीबद्दल बोलत होता. ती गाडी आपोआप चालते, आपोआप थांबते, मालकाचा मूड ओळखून गाणी लावते. मला त्यानं एकच प्रश्न विचारला, तोही सीट बेल्टबद्दल. मंडळी गेल्यावर मी म्हटलं, "नाही."

"न्हाई तर न्हाई," पप्पा म्हणाले. "गाडीसंगंच लगीन लावा म्हणावं त्याचं."

विषय संपला. निदान आमच्या घरात तरी.

मग काही दिवसांनी पप्पा गुणगुणायला लागले. आधी आंघोळ करताना, मग भाजी निवडताना. भाजी निवडताना! ज्या माणसानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं ते फक्त मीठ कमी आहे हे सांगायला, तो आईसमोर पाट घेऊन मेथी निवडत बसला. एका संध्याकाळी गजरा घेऊन आले. आईनं तो देवाला घातला, कारण दुसरं काही तिच्या डोक्यातच आलं नाही. पप्पा म्हणाले, "शैला, तो तुला हाय."

आईच्या हातातलं पळीभर तेल ओट्यावर सांडलं.

पुढच्याच आठवड्यात ते तिला महाबळेश्वरला घेऊन गेले. जन्मभर त्या गाड्या सोडल्या, स्वतः कधी तिला त्यांत बसवलं नव्हतं. परत आल्यावर आई मला सांगत होती, पॉइंटावर वारा फार होता तर यांनी माझा हात धरला, आणि खाली उतरेपर्यंत सोडलाच नाही. सांगताना ती शिवणयंत्राकडे बघत होती, माझ्याकडे नाही. पन्नाशी उलटलेली माझी आई लाजत होती. मला इतका आनंद झाला की मी कारण शोधायच्या फंदात पडले नाही.

फक्त एक गोष्ट खटकत होती. या सगळ्या गोडीगुलाबीत विश्वजित पिसाळ मीठ टाकल्यासारखा सगळीकडे होता. गाणं ऐकलं की पप्पा म्हणत, "विश्वजितलाबी जुनी गाणी आवडतात." डोंगर दिसला की, "विश्वजित आई-बापाला दर वर्षी फिराय नेतो." मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, आणि मग आवाज चढायचा.

"तेजल, मुलगा हिरा हाय. मी सुपारी फोडणार. पिसाळांना पुढच्या गुरुवारी बोलवतो."

"पप्पा, तुम्हीच म्हणाला होता ना, त्याचं गाडीशीच लग्न लावा?"

"तवा मला कळलं न्हवतं."

"आणि आता काय कळलं?"

मग ते ओरडले. ज्याच्याकडे उत्तर असतं तो माणूस सहसा ओरडत नाही.

त्यांच्या मोबाइलवरून महाबळेश्वरचे फोटो आईला पाठवायला मी तो हातात घेतला, आणि पडद्यावर एकामागून एक जाहिराती यायला लागल्या. जुनं गाणं लागत होतं, खाली ओळ होती : 'पिसाळांच्या अंगणात हे गाणं आजही वाजतं.' कड्यावर एक म्हातारं जोडपं हातात हात घालून उभं, आणि त्यांचा फोटो काढणारा निळ्या शर्टातला पाठमोरा मुलगा म्हणजे विश्वजित. जुन्या लाल एसटीचं चित्र, खिडकीत विश्वजितचे आजोबा. मोगरा, धुकं, वाफाळता चहा, आणि प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यात तो ट्रॅक्टरवाला. प्रत्येक चित्राखाली कायद्यानं घालावंच लागतं ते बारीक अक्षरातलं बटण होतं : 'हे मला का दिसतंय?'

ते बटण कुणी दाबत नाही. मी दाबलं.

'मोहिमेचं उद्दिष्ट : होकार. प्रेक्षकसंख्या : एक.'

इथं थोडं थांबून सांगावं लागेल, कारण माझं पोट यावरच चालतं. साताऱ्यातल्या एका लहानशा एजन्सीत मी 'साद' नावाच्या जाळ्यावर लोकांच्या जाहिराती चालवते. साड्यांची दुकानं, क्लासेस, दातांचे दवाखाने. 'साद'वर जाहिरात द्यायला गेलं की पहिला प्रश्न तुमच्या मालाबद्दल नसतो. प्रश्न असतो : तुमचं उद्दिष्ट काय? नुसतं नाव पोचवायचं असेल तर यंत्र ती जाहिरात जास्तीत जास्त डोळ्यांपुढून नेतं, डोळे कुणाचे याची त्याला फिकीर नसते. लोकांनी दुकानात डोकवावं असं वाटत असेल तर ते डोकवायची सवय असलेली माणसं शोधतं. विक्री हवी असेल तर तिसरीच माणसं, जी फार बघत नाहीत पण बघितलं की घेतात. साडी तीच असते. उद्दिष्ट बदललं की समोरची माणसं बदलतात.

हे जुनं झालं. मधल्या काळात जाहिरात तयार करायचं कामही यंत्राकडेच गेलं, आणि ते इतकं स्वस्त झालं की हजार माणसांसाठी एक जाहिरात करण्याऐवजी एका माणसासाठी हजार जाहिराती करणं परवडायला लागलं. तेव्हा 'साद'नं नवं उद्दिष्ट आणलं : होकार. जागेचा सौदा असो, नोकरी असो, लग्न असो. माणसाचा फोन नंबर द्या आणि त्यानं कशाला हो म्हणायला हवं ते सांगा. यंत्राला तो माणूस कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ते आंधळ्यासारखं चाचपडतं. हे दाखवून बघ, ते ऐकवून बघ. जिथं बोट थांबलं, श्वास रेंगाळला, तिथं पुन्हा हात लावायचा. आणि जिथं मऊ लागेल तिथं आपला माल ठेवायचा. मोबाइलवर, टीव्हीवर, घरातल्या बोलत्या रेडिओवर, जिथं तो माणूस असेल तिथं.

पिसाळांनी माझ्यावर मोहीम लावली होती. माझ्यावर! पण नंबर कुठून घेतला, तर माझ्या परिचयपत्रावरून. आणि आपल्याकडे मुलीच्या परिचयपत्रावर संपर्कासाठी मुलीचा नंबर कोण देतो? वर गणपती, मध्ये मुलीची उंची, खाली वडिलांचा मोबाइल. स्थळाचा फोन थेट मुलीला गेला तर केवढा अनर्थ होईल!

म्हणजे सत्तावीस वर्षांच्या पोरीला पाघळवायला निघालेलं यंत्र एका निवृत्त नियंत्रकाला चाचपडत बसलं होतं. बटणामागच्या नोंदींत सगळं होतं : आधी त्यानं शालू दाखवले, मेंदी दाखवली. पप्पांचं बोट थांबलं नाही. मग एकदा जुनं गाणं लागलं आणि बोट थांबलं. मग कड्यावरचं म्हातारं जोडपं आलं, आणि बोट फार वेळ थांबलं.

मी तो फोन घेऊन सरळ पप्पांसमोर गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जाहिरात हाय ते मलाबी कळतंय. मी काय जाहिरात बघून बदलणारा माणूस हाय व्हय?"

हे वाक्य मी कामावर रोज ऐकते. प्रत्येकाला वाटतं, जाहिरात शेजाऱ्यावर चालते.

"मग सांगा ना, त्याच्यात काय चांगलं आहे?"

"माझं डोकं ठिकाणावर हाय, पोरी. तूच दिवसभर त्या यंत्रात बसून सगळ्या जगाला येडं समजाय लागलीस. गुरुवारी नवी साडी नेस."

मी गॅलरीत जाऊन विश्वजितला फोन लावला. त्याला लाज वाटेल अशी माझी भाबडी समजूत होती.

"अगं, सगळेच करतात," तो म्हणाला. "आत्यानं लावली मोहीम. पूर्वी मध्यस्थ गोड बोलायचे, आता यंत्र बोलतं. यात चिडण्यासारखं काय आहे?"

"तो नंबर माझा नाही. माझ्या वडिलांचा आहे."

मग तो चक्क हसला. "अरे वा. म्हणजे उलट बरंच झालं की. हो तर तेच म्हणणार ना शेवटी? आमच्याकडे होकाराच्या शक्यतेचा आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढं गेलाय."

"बंद कर ते."

"गुरुवारपर्यंत चालू दे. इतका खर्च केलाय, तर मधेच कशाला सोडायचं?"

माझ्या हातून फोन खाली फेकला गेला नाही, तो केवळ फोन माझा होता म्हणून. ज्या मुलीशी लग्न करायचं, तिचं 'नाही' त्याच्या हिशेबात कुठंच नव्हतं. तिच्या घरातला जो माणूस मऊ लागेल त्याला दाबला की काम झालं. त्या क्षणी मी ठरवलं, हे लग्न होणार नाही. पप्पा रुसोत, नातेवाईक तोंड फिरवोत, मला साताऱ्यातून उठून जावं लागो. होणार नाही.

पण एक अडचण होती, आणि ती आत बसून ब्लाऊजची काजं करत होती. मोहीम बंद झाली की पप्पांचं काय होणार? गाणं जाणार, गजरा जाणार, "शैला" जाणार. पुन्हा "अगं ए". माझ्या आईला जन्मात पहिल्यांदा मिळालेलं मी माझ्या एका नकारापायी हिसकावून घेणार होते. खोटं सांगत नाही, क्षणभर मला वाटलं की गप्प बसावं, विश्वजितशी लग्न करून टाकावं.

मग मीच माझ्यावर चिडले आणि आईजवळ जाऊन बसले. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

आईनं सुई कापडात टोचून ठेवली. बराच वेळ ती कापडावरच्या सुरकुत्या काढत होती. कापडाला एकही सुरकुती नव्हती.

"म्हणजे तो गजरा..." ती म्हणाली.

"आई, मला माफ कर."

"तू काय केलंस?" ती एकदम कडाडली. मी आईला असं बोलताना ऐकलं नव्हतं. "तू न्हाई म्हणालीस. न्हाई म्हणायचा तुला हक्क हाय. मला कुणी विचारलं न्हवतं माझ्या वेळी, म्हणून तुलाबी विचारायचं न्हाई? माझ्या डोक्यात गजरा माळायचा आणि त्याच्या बदल्यात माझी पोरगी न्यायची? बंद कर ते."

"मला बंद करता येत नाही. फोन काढून घेतला तर टीव्हीवरनं येईल. ते त्या माणसाचा पिच्छा सोडत नाही."

"कधी सोडतं?"

मी म्हणाले, "काम झालं की." आणि मग माझ्याच बोलण्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला.

जाहिरातीच्या धंद्यातली ही साधी गोष्ट. साडी विकली गेली की त्या बाईला तीच साडी दाखवण्यात यंत्र एक पैसा घालत नाही. उद्दिष्ट गाठलं की माणूस यादीतून बाहेर. पप्पांच्या फोनवर प्रत्येक चित्राखाली एक हिरवं बटण होतं, 'होकार कळवा'. ते दाबलं तर यंत्र खूश होऊन निघून जाणार होतं. पण होकार पिसाळांकडे पोचणार होता. पेढे वाटले जाणार, पाहुण्यांना निरोप जाणार, आणि गुरुवारी ते वऱ्हाड घेऊन आल्यासारखे येणार. तोवर पप्पा भानावर आले नाहीत, तर मी माझ्याच हातानं गळ्यात दोर अडकवून घेतल्यासारखं होणार होतं.

आईनं विचारलं, "भानावर येतील?"

"माहीत नाही."

"मग बघू की." तिनं पदराला हात पुसला, माझ्याजवळच राहिलेला पप्पांचा फोन ओढून घेतला आणि स्वतःच्या अंगठ्यानं ते बटण दाबलं. पडद्यावर फुलं उधळली गेली. 'अभिनंदन,' यंत्र म्हणालं. आई त्या फुलांकडे अशी बघत होती की यंत्राला डोळे असते तर त्यानं खाली घातले असते.

दुसऱ्या दिवसापासून पप्पांच्या फोनवर पुन्हा क्रिकेट, बाजारभाव आणि गुडघ्याची तेलं दिसायला लागली. पप्पा बेचैन झाले. चहा सोडलेल्या माणसासारखे घरभर फिरत. फोन उघडत, काहीतरी शोधत, ठेवून देत. गाणं तोंडात यायचं आणि दुसऱ्या ओळीला विरायचं. गजरा आला नाही. आईनं काही विचारलं नाही. ती मशीनवर बसून राहिली आणि मी तिच्या पाठीकडे बघून दातओठ खात राहिले.

मग शेजारचे बाबर काका आले. एसटीतलेच, पप्पांचे जुने दोस्त.

"काय हणमंतराव, सुपारी म्हणे गुरुवारी? पोरगं कसं हाय?"

"चांगलं हाय," पप्पा म्हणाले.

"म्हंजी करतंय काय?"

"ट्रॅक्टरची एजन्सी."

"ते हाय. पण माणूस म्हणून?"

पप्पा विचारात पडले. मी दाराआडून बघत होते. कपाळाला आठ्या घालून ते खरोखर शोधत होते. "त्याच्याकडं गाडी हाय," शेवटी ते म्हणाले. मग पुन्हा विचार केला. "आपोआप थांबती."

बाबर काका चहा पिऊन गेले. पप्पा तिथंच बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली, फोन पुढे केला आणि बारीक आवाजात म्हणाले, "ते 'का दिसतंय'चं बटण कुठं असतं म्हणालीस? परत दाखव."

मी दाखवलं. जुन्या नोंदी अजून होत्या. त्यांनी चष्मा लावून एकेक वाचली. कुठल्या गाण्याला त्यांचं बोट थांबलं, कुठल्या चित्राला डोळे भरले, सगळं. वाचून झाल्यावर ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी पिसाळ आले. विश्वजित, त्याचे आई-वडील, आणि मोहिमेच्या कर्त्या सुमनआत्या. पेढ्यांचे डबे, ओटीचं सामान, जरीची साडी. पप्पांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं. मी साधा कुडता घालून आले होते, भांडायच्या तयारीनं.

सुपारी पाटावर ठेवली गेली. पप्पा ती उचलायच्या आधी माझ्याकडे वळले.

"तेजल, तुला हा मुलगा पसंत हाय का?"

चारचौघांत, इतक्या सरळ, मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग न्हाई," पप्पा पिसाळांना म्हणाले.

आत्याबाई ताडकन उठल्या. "न्हाई कसं? तुमचा होकार आलाय. ही बघा नोंद, तारखेसकट!"

"तो मी दाबला," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तुमच्या यंत्रानं माझ्या नवऱ्याचा पिच्छा सोडावा म्हणून."

विश्वजितनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमची मुलगी स्वतः हाच धंदा करते! तिला कोण जाब विचारतं?"

"मी साड्या विकते," मी म्हटलं. "नको वाटली तर बदलून मिळते. तू बदलून मिळणार आहेस का?"

"आणि होकार मागायचा असंल," पप्पा म्हणाले, "तर माणसानं माणसाला तोंडानं मागायचा. आणि न्हाई आलं तर उठून घरला जायचं. माझ्या पोरीला जिंकायला माझ्या काळजात हात घातलात तुम्ही. फोननं दिलेला होकार पायजे असंल तर हा फोन घेऊन जावा, त्याच्याबरोबर अक्षता टाका. माझी पोरगी मिळायची न्हाई."

त्यांनी खरोखरच फोन आत्याबाईंच्या पेढ्यांच्या डब्यावर ठेवला. विश्वजितच्या वडिलांनी लेकाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि निमूटपणे डबे उचलायला सुरुवात केली. फोन तेवढा पाटावर ठेवून गेले. आत्याबाई जिना उतरेपर्यंत आमच्या खानदानाचा उद्धार करत होत्या, आणि अख्खी इमारत दारात येऊन ऐकत होती. ऐकू दे. मी पण दारात उभी राहिले, मान ताठ ठेवून, त्यांची गाडी आपोआप निघून जाईपर्यंत.

आत आले तर पप्पा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. आई पाण्याचे पेले गोळा करत होती. सगळ्यांसमोर सिंहासारखा बोललेला माणूस आता तिच्याकडे बघायलाही धजत नव्हता.

"शैला," ते म्हणाले. "ह्या महिन्यात मी जे वागलो, त्यातलं माझं कुठलं आणि त्या यंत्राचं कुठलं, मलाच समजंना झालंय. तुला उगाच..."

आईनं पेले ओट्यावर ठेवले, बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मला समजतंय," ती म्हणाली. "विश्वजित तेवढा यंत्राचा. तो गेला. बाकीचं सगळं माझं हाय, आणि मी ते कुणालाबी परत देणार न्हाई."